वर्गणीदारांची वही कोणाच्या हाती?

मासिक चालविणाऱ्यास वर्गणीदारांच्या वहीइतके मोलाचे दुसरे काही नसते. कागद उधार मिळतो, मजकुरासाठी लेखकांच्या पायऱ्या झिजविता येतात. पण कोणास अंक हवा आहे आणि तो कोठे धाडावयाचा, हे ज्या वहीत लिहिलेले असते ती हरवली की सारा खेळ आटोपला. म्हणून ‘इंटरनेटवरील फीड म्हणजे काय हो?’ अशी पृच्छा आमच्या काही ज्येष्ठ वाचकांनी केली, तेव्हा आम्हांस प्रथम आठवली ती ही वहीच. संगणकाच्या जगातही काही वर्षे अशी एक वही होती. फरक इतकाच, की ती प्रकाशकाने नव्हे, वाचकाने स्वतः लिहिलेली होती.

1990 च्या दशकाच्या अखेरीस संकेतस्थळे इतकी वाढली, की ‘आज नवीन काय?’ हे पाहण्यासाठी एकेक दार ठोठावीत हिंडणे वाचकास अशक्य झाले. मार्च 1999 मध्ये नेटस्केप या अमेरिकन कंपनीने आपल्या पानावर निरनिराळ्या स्थळांच्या ताज्या मथळ्यांची मांडणी करण्यासाठी एक पद्धत काढली. तिचे नाव आरएसएस. ती रचणाऱ्या दोघांपैकी एक रामनाथन गुहा हे मद्रासच्या आयआयटीचे विद्यार्थी, हे येथे नमूद करण्यास हरकत नाही. पद्धत अगदी साधी. प्रत्येक स्थळाने आपल्या नव्या मजकुराची एक यादी एका ठरावीक पत्त्यावर ठेवावयाची: मथळा, दुवा, तारीख, दोन ओळींचा सारांश. वाचकाच्या संगणकातील एक छोटा कार्यक्रम ठरावीक वेळाने त्या पत्त्यावर जाऊन यादी वाचतो, मागच्या वेळेशी ताडून पाहतो, आणि जे नवे असेल तेवढे वाचकापुढे आणून ठेवतो.

टपालाने अंक येण्यासारखेच हे दिसते खरे, पण नीट पाहिल्यास उलट आहे. येथे पोस्टमन प्रकाशकाचा नसून वाचकाचा आहे. वाचकाने नाव-गाव कळवावे लागत नाही. नको झाले की यादीतून ओळ खोडली, संपले. दहा स्थळे असोत वा दोनशे, ज्या क्रमाने प्रसिद्ध झाली त्या क्रमाने ती समोर येत. मध्ये कोणी बसून ‘हे तुमच्या आवडीचे, हे नव्हे’ असे ठरवीत नसे. आमच्या मते या शोधाचे खरे मोल येथेच होते.

पुढे जे झाले त्याचे मराठी मंडळींस तरी नवल वाटू नये. एका मंडळाची दोन मंडळे झाली. नेटस्केपने लक्ष काढून घेतल्यावर डिसेंबर 2000 मध्ये एका गटाने आरएसएसची 1.0 आवृत्ती काढली. त्या गटात आरन स्वार्ट्झ नावाचा अवघा चौदा वर्षांचा मुलगा होता. दुसरीकडे डेव्ह वायनर यांनी आपली निराळी परंपरा चालवून सप्टेंबर 2002 मध्ये 2.0 आवृत्ती आणली. आद्याक्षरे तीच, त्यांचा विस्तार मात्र प्रत्येकाचा वेगळा. या भांडणास कंटाळलेल्यांनी ‘अ‍ॅटम’ हा तिसरा पंथ काढला आणि तो 2005 साली अधिकृत मानक ठरला. सुदैवाने वाचकाचा कार्यक्रम तिन्ही बोली समजत असे, त्यामुळे घरच्या माणसास या वादाची झळ फारशी लागली नाही.

मराठीची अडचण मात्र निराळी होती. आपली आरंभीची अनेक स्थळे स्वतःचाच टंक वापरीत. त्या पानावर गेले तर मजकूर देवनागरीत दिसे. पण तोच मजकूर यादीतून अन्यत्र नेला की टंक मागे राही आणि वाचकापुढे इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग पडे. अक्षराला टंकाविनाही ओळख असावी, ही सोय युनिकोडने केली. त्याची पहिली आवृत्ती 1991 ची असली, तरी घरोघरच्या संगणकांत देवनागरी रुळण्यास 2000 साल उलटावे लागले. मे 2003 मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला, 2004 साली ‘मनोगत’ आले. आणि मग कोठे बडोद्यात बसून न्यू जर्सीतील मराठी लिखाण, किंवा तेथे बसून येथले, फीडमधून वाचता येऊ लागले. आमच्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या समाजास ही गोष्ट लहान नव्हती. मुंबईचा अंक तिसऱ्या आठवड्यात हाती पडण्याची सवय असलेल्यांनाच तिचे अप्रूप कळेल.

याच सुमारास वेबपृष्ठाचा स्वभाव बदलत होता. पूर्वी एक कळ दाबली की संपूर्ण पान नव्याने येई. खतावणीतील एक आकडा बदलण्यासाठी सारी खतावणी पुन्हा लिहिण्यासारखाच हा प्रकार. पानाचा हवा तेवढाच भाग गुपचूप बदलण्याची युक्ती मायक्रोसॉफ्टने 1999 सालीच आपल्या टपालाच्या सोयीसाठी केली होती, पण तिचे सामर्थ्य जगाच्या ध्यानी आले ते गूगलमुळे. 1 एप्रिल 2004 रोजी जीमेल आले. एक गिगाबाइट जागा फुकट, हे ऐकून अनेकांना ती एप्रिल फूलची थट्टाच वाटली. फेब्रुवारी 2005 मध्ये नकाशे आले, आणि त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी या युक्तीस ‘एजॅक्स’ हे नाव दिले. कार्यक्रम आता आपल्या यंत्रात उतरवून घेण्याची गरज उरली नाही. तो पानातच चालू लागला.

सोय मोठी होती यात शंका नाही, पण तिच्याबरोबर वहीचे बिऱ्हाडही हलले. ऑक्टोबर 2005 मध्ये गूगल रीडर सुरू झाला. कोणत्याही संगणकावर बसा, आपली यादी तयार, कोठवर वाचले तेही लक्षात ठेवलेले. लोक आपापल्या वह्या घेऊन तेथे गेले, इतर लहान दुकाने ओस पडली, आणि मार्च 2013 मध्ये कंपनीने जाहीर केले की वापर घटला असल्याने हे दालन बंद होणार. 1 जुलै 2013 रोजी ते बंद झाले. यादी उतरवून नेण्याची मुभा होती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण वही नेता आली तरी सवय नेता येत नाही, आणि बहुतेकांनी ती पुन्हा उघडलीच नाही.

ते गेले कोठे? ‘फीड’ हेच नाव धारण करणाऱ्या दुसऱ्याच वस्तूकडे. फेसबुकने सप्टेंबर 2006 मध्ये आपली न्यूज फीड सुरू केली. तीत काय वर यावे आणि काय दडावे हे वाचक ठरवीत नाही, यंत्राचे गणित ठरविते. 2016 साली ट्विटर आणि इन्स्टाग्राम यांनीही काळाचा क्रम बाजूस सारून हाच मार्ग धरला.

दुसऱ्याने निवडून दिलेले वाचावयाचे नाही, असा आमचा हट्ट मुळीच नाही. बडोद्याच्या माणसास तो शोभणारही नाही. 1910 साली श्रीमंत सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांस पाचारण केले, आणि त्या योजनेतून पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. पेटीतील पुस्तके अर्थात दुसऱ्या कोणी निवडलेली. पण पेटी कोठून आली, तीत काय आहे आणि कशासाठी धाडली, हे खेड्यातल्या मास्तरांस ठाऊक असे. आजच्या पेटीवर भरणाऱ्याचे नाव नाही, आणि माणूस पेटीपाशी जितका वेळ खिळून राहील तितका भरणाऱ्याचा लाभ. आमच्यासारख्या लहान मासिकाची गोची येथेच होते. एखाद्या वाचकाने पाच महिने आमचे पान उघडले नाही, तर गणित समजते की त्यास आम्ही नकोसे झालो. वस्तुतः घरात लग्नकार्य असते.

ज्येष्ठ वाचकांच्या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर असे, की जुनी पद्धत मेलेली नाही. अनेक वृत्तपत्रे आणि असंख्य लहान स्थळे अजून आपली यादी ठेवतात. ती वाचणारे कार्यक्रम फुकटही मिळतात. नारिंगी चौकोनात उमटलेल्या लहरींसारखी खूण दिसली की ओळखावे. आपली नातवंडे कानात गुंडी घालून जे पॉडकास्ट ऐकतात, तेही बहुतांशी याच आरएसएसवर चालतात. यादीतील ओळीस ध्वनिफीत जोडण्याची सोय वायनर यांनी डिसेंबर 2000 मध्ये करून ठेवली होती. तेव्हा सुटीत नातू घरी आला, की त्याच्याकडून आपली वही एकदा मांडून घ्यावी. पाच-सहा नावे आपण सांगावी, एक-दोन त्याला सुचवू द्यावी.