रमीतले कौशल्य आणि टेबल मांडणाऱ्याचा वाटा

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आणि २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींनी त्यावर स्वाक्षरी केली. पाठोपाठ प्रमुख कंपन्यांनी मोबाइलवरील रमीचे पैशांचे डाव गुंडाळले. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोहोंचा. जिंकण्याच्या आशेने त्यात पैसे लावले जात असतील तर तो निषिद्ध, अशी या कायद्यातील व्याख्या आहे. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच दिला होता. पाच दशकांहून अधिक काळ टिकलेले हे कवच एका व्याख्येने गळून पडले. मात्र ज्यांनी ते वापरले, त्यांना ते खरोखर लागू होते काय, याची चर्चा फारशी झाली नाही.

रमीत कौशल्य आहे, याबद्दल दुमत नसावे. गणपतीच्या जागरणात वा लोकलच्या डब्यात मांडीवर पिशवी ठेवून जे हा खेळ शिकले, त्यांना ते ठाऊक आहे. १३ पाने हाती आल्यावर प्रथम जोकरविना लागोपाठची तीन पाने जुळवायची, हा नियम पाच मिनिटांत समजतो. इतरांनी काय उचलले, काय टाकले हे ध्यानात ठेवणे, समोरचा बदामाच्या सत्तीची वाट पाहत आहे हे ओळखून ती हातात अडवून धरणे, राजा-राणीचा मोह वेळीच सोडणे, हे अंगवळणी पडायला वर्षे लागतात. सर्वांत अवघड धडा डाव सोडण्याचा. प्रचलित हिशेबानुसार पहिल्याच फेरीत पाने खाली ठेवली तर २० गुण बसतात, नंतर ४०. आणि आशेवर शेवटपर्यंत बसले तर ८० पर्यंत. घरातील जुने खेळाडू नवशिक्याला आधी हेच शिकवीत.

१९६८ चा निकाल सिकंदराबादमधील एका क्लबवर पोलिसांनी घातलेल्या छाप्यातून आला. तीन पत्तीप्रमाणे रमी निव्वळ नशिबाची नाही, पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते ठेवायचे व कोणते टाकायचे याला कसब लागते, असे न्यायालयाने म्हटले. पत्त्यांसाठी क्लबने घेतलेले माफक शुल्कही गैर ठरले नाही. पुढे वर्षानुवर्षे वकिलांनी आणि जाहिरातींनी उच्चार केला तो एवढ्याच भागाचा. त्याच निकालात आणखी एक गोष्ट स्पष्टपणे नमूद आहे. पैशांवर चालणाऱ्या खेळातून जागेचा वा क्लबचा मालक स्वतः नफा कमावत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो.

ऑनलाइन रमीचा सारा डोलारा नेमका याच नफ्यावर उभा होता. प्रत्येक डावाच्या रकमेतून कंपनी आपला वाटा कापून घेई. उदाहरणादाखल हा वाटा १० टक्के धरू. सहा तुल्यबळ खेळाडूंनी प्रत्येकी १०० रुपये लावले, तर विजेत्याला ६०० ऐवजी ५४० रुपये मिळतील. असे ६० डाव झाले आणि प्रत्येकाने दहा-दहा जिंकले, तर प्रत्येकाच्या खिशातून ६,००० गेले व ५,४०० परत आले. कोणी वाईट खेळले नाही, तरी सहाही जण ६०० रुपयांनी खाली. घरी डाव संपला की पैसा टेबलावरच्याच कोणाच्या तरी खिशात राहतो. येथे तो टेबलावरून उठून जातो. त्यात नवा डाव क्षणात मांडला जातो, पाने पिसण्याइतकीही उसंत नाही. फुकटच्या सराव टेबलावर नियम शिकवायचे, स्वागताचा बोनस द्यायचा आणि पैशांच्या टेबलावर नेऊन बसवायचे, अशी ही शिकवणी होती. डाव सोडण्याचा धडा या गुरुजींना परवडणारा नव्हता.

महाराष्ट्रात हा विषय गाजला तो वेगळ्याच कारणाने. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप चित्रफितीच्या आधारे झाला. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ बंद करीत होतो, असा खुलासा त्यांनी केला. महिनाअखेरीस त्यांच्याकडील कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते आले! या गदारोळात, राज्यात लागू असलेला जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा असून तो निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट देतो, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. मोबाइलच्या काळात ही सूट कोणाला द्यायची, हे ठरविण्याची संधी राज्याला अनेक वर्षे होती.

केंद्राने मात्र एकदम टोक गाठले. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्यास शिक्षा नाही, ही मांडणी समजण्याजोगी आहे. परंतु कंपनीच्या वाट्यावर मर्यादा, रोजच्या तोट्याला कमाल सीमा, दोन डावांत सक्तीचा विराम, असे मधले उपाय देशपातळीवर पुरेसे अजमावलेच गेले नाहीत. परदेशातून चालणारी संकेतस्थळे या कायद्याला कितपत जुमानतील, ही शंकाही रास्त आहे. कायद्याला आव्हान देणाऱ्या उच्च न्यायालयांतील याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. जुगार हा राज्यघटनेनुसार राज्यसूचीतील विषय असताना संसद असा कायदा करू शकते काय, हा त्यातील एक मुद्दा आहे. १९६८ च्या निकालातील नफ्याविषयीचे ते वाक्य या निमित्ताने दोन्ही बाजूंच्या वकिलांना पुन्हा वाचावे लागेल.