विद्या पुढे, पद मागे

व्यापारी कुटुंबास भांडवलाचे मोल सांगावयास नको. परंतु युद्ध दाराशी येते तेव्हा पेढी, गोदाम, येणी सारे मागे राहते. माणसाबरोबर जाते ती त्याची विद्या. मात्र विद्येबरोबर तिचा मानही जातोच असे नाही. जर्मन विदुषी इर्मगार्ड फ्ल्यूगे-लोट्झ यांचे जीवन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म १९०३ मध्ये हामेलन या गावी झाला. आजोळी बांधकामाचा व्यवसाय होता. पहिल्या महायुद्धात वडील सैन्यात गेले, तेव्हा शाळकरी इर्मगार्ड गणिताच्या शिकवण्या घेऊन संसाराला हातभार लावू लागली. १९२९ मध्ये त्यांनी हॅनोव्हर येथे अभियांत्रिकीतील डॉक्टरेट संपादन केली. पुढे गटिंगेन येथे, विमानाच्या पंखावर उचलणारे बल कसे विभागले जाते, हे काढण्याची सुलभ गणिती रीत त्यांनी शोधली. ती 'लोट्झ पद्धती' म्हणून ओळखली जाते.

१९३८ मध्ये अभियंता विल्हेल्म फ्ल्यूगे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या बर्लिनच्या विमानसंशोधन संस्थेत काम करू लागल्या. ते संशोधन नाझी राजवटीच्या छायेत चालले होते, हेही विसरता येत नाही. बॉम्बवर्षाव वाढला, तसे १९४४ मध्ये उभयतांचे विभाग दक्षिणेतील झाउलगाऊ या लहान गावी हलविण्यात आले. युद्धानंतर तो प्रदेश फ्रेंचांच्या ताब्यात आला. १९४७ मध्ये दांपत्य पॅरिसला आणि १९४८ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले.

तेथे पती प्राध्यापक झाले. पतिपत्नी दोघांनाही एकाच विभागात प्राध्यापकपद न देण्याचा विद्यापीठाचा शिरस्ता होता. म्हणून इर्मगार्ड केवळ अधिव्याख्यात्या राहिल्या. त्या शिकवीत होत्या, संशोधक विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करीत होत्या. १९५३ मध्ये स्वयंचलित नियंत्रणावरील त्यांचा ग्रंथही प्रसिद्ध झाला. काम प्राध्यापकाचे, पद मात्र कनिष्ठ! अखेर १९६० मध्ये त्या स्टॅनफर्डच्या अभियांत्रिकीतील पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. तोवर बारा वर्षे लोटली होती.

घरदार युद्धाने सोडावयास लावले. पद अडविले ते शांततेच्या काळातील एका रूढ नियमाने. असे नियम विद्यापीठांतच असतात असे नाही. आपल्या अनेक पेढ्यांवर उच्चशिक्षित सून हिशेब तपासते, करविवरणे सिद्ध करते, मालाचे भाव ठरविताना तिचे मतही घेतले जाते. भागीदारीच्या दस्तऐवजावर मात्र तिचे नाव किती घरांत आढळेल? येत्या पाडव्यास नवी वही उघडताना प्रत्येक कुटुंबाने हा प्रश्न स्वतःस विचारावा.