अवकाशतळाच्या हिशेबात रसायनीही हवे

रायगड जिल्ह्यातल्या, पाताळगंगेकाठच्या रसायनीत हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली ‘एचओसी’, डबघाईला आली होती. १७ मे २०१७ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिथले प्रकल्प बंद करायला मंजुरी दिली, पण त्यातून एक प्रकल्प वगळला. नायट्रोजन टेट्रॉक्साइड तयार करणारा हा प्रकल्प, सुमारे २० एकर जमीन आणि तिथले कामगार इस्रोकडे सोपवायचे ठरले, कारण इस्रोला हे रसायन देशात दुसरीकडे कुठेच मिळत नव्हते. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातले आणि चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या एलव्हीएम-३ मधले विकास इंजिन याच रसायनाच्या साहाय्याने आपले इंधन जाळते. ही इंजिने इस्रोसाठी घडवणाऱ्या गोदरेजनेही खालापुरात अवकाश विभागासाठी सुमारे २५० कोटी रुपये गुंतवण्याचे जाहीर केले आहे.

तरीही कर्जत-खालापूरच्या आकाशात रॉकेट कधी झेपावणार नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा वेग पदरात पाडून घ्यायचा तर रॉकेट पूर्वेकडे सोडावे लागते आणि त्याचे रिकामे टप्पे समुद्रात पडावे लागतात. रायगडच्या पूर्वेला समुद्र नाही. तिथे बोरघाट आहे आणि त्यापलीकडे सगळा गजबजलेला महाराष्ट्र. म्हणून हा मान श्रीहरिकोट्याला मिळाला आणि आता तमिळनाडूतल्या कुलशेखरपट्टिणमला मिळतो आहे. श्रीहरिकोट्याहून दक्षिणेकडे जाताना श्रीलंका टाळण्यासाठी वळसा घ्यावा लागतो, त्यात छोट्या रॉकेटचे बरेच इंधन खर्ची पडते. नव्या तळावरून ते थेट दक्षिणेला जाऊ शकेल. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पायाभरणी झालेल्या या तळासाठी सुमारे ९८६ कोटी रुपये आणि दोन हजारांहून अधिक एकर जमीन लागते आहे.

हा तळ सरकारी असला तरी खासगी कंपन्यांसाठीही दार उघडले गेले आहे. स्कायरूटचे विक्रम-एस नोव्हेंबर २०२२ मध्ये श्रीहरिकोट्याहून उडाले. अग्निकुलने तिथेच स्वतःचा प्रक्षेपणमंच उभारला आणि ३० मे २०२४ रोजी त्यावरून पहिले चाचणी उड्डाण केले. अवकाशतळ उभारण्यात ४९ टक्क्यांपर्यंत परकी गुंतवणूक आता सरकारच्या पूर्वपरवानगीविना येऊ शकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने अवकाश क्षेत्रातल्या नवउद्योगांसाठी १,००० कोटींचा निधीही मंजूर केला.

पैसा आला, परवाने आले. कायदा मात्र आलेला नाही.

खासगी उड्डाणांना परवानगी देणाऱ्या ‘इन-स्पेस’ची स्थापना २०२० मध्ये झाली, धोरण २०२३ मध्ये आले, नियमावली मे २०२४ मध्ये निघाली. पण या सगळ्यामागे उभा राहील असा संसदेचा कायदा नाही. अवकाश कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी खुला झाला आणि तिथेच अडला. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार रॉकेटमुळे परक्या भूमीवर नुकसान झाले तर भरपाई रॉकेट सोडणाऱ्या देशाने द्यायची असते. रॉकेट खासगी असले तरी दावा दिल्लीच्या दारात येणार. त्यातला किती भार कंपनीने उचलायचा, विमा कितीचा हवा, तळाभोवतीच्या वस्तीला आणि मच्छीमारांना भरपाई कोण देणार, हे सारे कायद्यातच लिहिलेले हवे.

घाईची किंमत जगाने मोजली आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या दोन परगण्यांनी विक्रीकर वाढवून घेतला आणि ‘स्पेसपोर्ट अमेरिका’ला हातभार लावला. सुमारे २२ कोटी डॉलर खर्चून हा तळ उभा राहिला. ज्या व्हर्जिन गॅलॅक्टिक या अवकाश-पर्यटन कंपनीच्या भरवशावर हे सारे झाले, तिचे पहिले व्यावसायिक उड्डाण जून २०२३ उजाडल्यावर झाले. वर्षभरातच नव्या यानाच्या तयारीसाठी उड्डाणे थांबली. जॉर्जियातल्या कॅमडेन परगण्याने काही वर्षांत एक कोटी डॉलरहून अधिक खर्च केला, डिसेंबर २०२१ मध्ये परवानाही मिळवला. तीनच महिन्यांत मतदारांनी सार्वमत घेऊन तळासाठीची जमीनखरेदी मोठ्या बहुमताने फेटाळली.

सार्वमताची ही गोष्ट रायगडला परकी नाही. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांतील शेतकऱ्यांनी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राबाबत (सेझ) मतदान केले होते. जमीन जाणार असेल तर आधी आम्हाला विचारा, एवढीच त्यांची मागणी होती. रसायनीचा अनुभवही ताजा आहे. एचओसी बंद करताना तिथली ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकायचे ठरले. कारखान्यासाठी घेतलेली जमीन कारखाना बंद पडल्यावर तिसऱ्याच्या हाती जाते, तेव्हा मूळ खातेदाराचा हक्क काय, याचे उत्तर प्रकल्प सुरू होतानाच द्यायला हवे.

अवकाशतळ म्हणजे फक्त किनाऱ्यावरचा मनोरा नव्हे. इंजिन, इंधन, टाक्या, चाचणी यांची साखळी त्याच्या मागे उभी असते आणि तिच्या दोन कड्या खालापूरच्या परिसरात आहेत. नायट्रोजन टेट्रॉक्साइड अत्यंत विषारी आहे. ते बनवणाऱ्या आणि वाहून नेणाऱ्या कामगारांची व शेजारच्या गावांची सुरक्षा हाही प्रक्षेपणाचाच खर्च आहे. परवाना देताना आणि निधी वाटताना तो धरलाच पाहिजे.

तेव्हा केंद्राने आणखी तळांचे परवाने देण्याआधी अवकाश कायदा संसदेत आणावा आणि त्यात दायित्व, विमा व स्थानिकांची संमती यांची स्पष्ट तरतूद करावी. उड्डाणांची पक्की मागणी हाती असल्याशिवाय एकाही तळावर जनतेचा पैसा लावू नये. महाराष्ट्राने आपल्या वाट्याला न येणाऱ्या प्रक्षेपणमंचाचा हेवा करू नये. कर्जत-खालापूरच्या मुलामुलींना अचूक यंत्रकाम, वेल्डिंग आणि रसायन-सुरक्षेचे शिक्षण तालुक्यातच मिळावे, आणि नव्या कारखान्यांत पहिली भरती जमीन दिलेल्या घरांतून व्हावी. इथल्या लोकप्रतिनिधींनी हा आग्रह आत्ताच धरला पाहिजे.