धारोष्णाचा धोशा

पुण्यामुंबईच्या सोसायट्यांमध्ये सध्या काचेच्या बाटलीतून घरपोच येणाऱ्या ‘देशी गाईच्या कच्च्या दुधा’ची चलती आहे. बाटलीबरोबर एक तत्त्वज्ञानही येतं. यंत्रातून गेलेलं दूध मेलेलं, हे जिवंत. आजोबा गोठ्यात उभ्याउभ्या धारोष्ण पेला रिचवायचे आणि नव्वदी गाठायचे. जंतूंची भीती ही डेअरीवाल्यांनी आपला धंदा चालावा म्हणून पसरवलेली आहे. असं बोलणारी माणसं अडाणी नसतात. बरीचशी शिकलेली, आरोग्याबद्दल जागरूक आणि चार पैसे जास्त मोजायला तयार असलेली असतात. म्हणूनच त्यांचं म्हणणं हसण्यावारी न नेता तपासायला हवं.

आधी आजोबा. नव्वदी गाठलेल्या आजोबांची गोष्ट घरात सांगितली जाते, कारण ती सांगायला ते स्वतः उरले. त्यांची जी भावंडं दोन-तीन वर्षांची होऊन ‘तापानं गेली’, त्यांची साक्ष कोण काढणार? माल्टा बेटावरच्या ब्रिटिश फौजेला असाच एक ताप वर्षानुवर्षं छळत होता. तो चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा आणि माणसाला महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवायचा. 1887 मध्ये डेव्हिड ब्रूसनं त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे काही कळेना. 1905 मध्ये तिथल्याच थेमिस्टोक्लिस झामिट या डॉक्टरनं शेळ्या तपासल्या. धडधाकट दिसणाऱ्या, भरपूर दूध देणाऱ्या शेळ्यांच्या अंगात तो जंतू निघाला. पुढच्या वर्षी फौजेचं शेळीचं दूध बंद झालं आणि सैनिकांमधला ताप झपाट्यानं ओसरला. बेटावरच्या नागरिकांनी मात्र दारात पिळलेल्या ताज्या दुधाची सवय सोडली नाही, आणि त्यांच्यातला ताप पुढे कित्येक वर्षं चालूच राहिला. बेट तेच आणि शेळ्याही त्याच होत्या. फरक फक्त पेल्यात होता.

गाईंमध्ये सांसर्गिक गर्भपात घडवणारा जंतू आणि माल्टाच्या शेळीतला जंतू हे सख्खे नातलग आहेत, असं 1917 मध्ये अमेरिकेत ॲलिस एव्हान्स या संशोधिकेनं मांडलं. तिच्याकडे पीएचडी नव्हती आणि ती बाई होती. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीचा पत्ता आधीच्या थोरामोठ्यांना कसा लागला नाही, असा प्रश्न तिलाच विचारला गेला. 1922 मध्ये प्रयोगशाळेत काम करताना तिला स्वतःला तो रोग जडला आणि पुढची वीसेक वर्षं त्यानं तिचा पिच्छा सोडला नाही. मधल्या काळात डॉक्टरांनी तिचं दुखणं मानसिक ठरवूनही पाहिलं. शेवटी तिचंच म्हणणं खरं ठरलं आणि 1930 च्या दशकात अमेरिकेत पाश्चरीकरणानं मूळ धरलं. ‘कंपन्यांनी उठवलेली हूल’ म्हणणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा. इथे शास्त्रज्ञ ओरडत होते आणि दूधधंद्यातली मंडळी कानावर हात ठेवून होती.

यावर एक चलाख उत्तर असतं: युरोपात आजही कच्चं दूध कायदेशीर विकलं जातं, मग आम्हालाच का अडवता? विकलं जातं, हे खरं. पण तिथे आधी पिढ्यान्‌पिढ्या गुरांची तपासणी झाली आणि क्षयाची किंवा ब्रुसेलाची, म्हणजे माल्टा तापाच्या त्या जंतुकुळाची, लागण झालेलं जनावर सरळ मारलं गेलं. कळप निर्मळ करण्याची ही किंमत त्यांनी मोजली. महाराष्ट्रात 1976 चा गोहत्याबंदीचा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी श्रद्धा आड आली असती. मी त्या वादात पडत नाही. पण ज्यानं तो मार्ग सोडला, त्याला दुसरा मार्ग अधिक काटेकोरपणे चालावा लागतो, एवढं साधं तर्कशास्त्र आहे. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस टोचण्याची देशव्यापी मोहीम 2019 मध्ये सुरू झाली, म्हणजे आपण त्या वाटेवर नुकतेच निघालो आहोत. गाय गीर की खिल्लार, तिच्या दुधातलं प्रथिन ‘ए-टू’ की ‘ए-वन’, याची चौकशी ब्रुसेला करत नाही.

तापवल्यानं दुधाचं सत्त्व नष्ट होतं हा मुद्दा फार वेळ खाण्याच्या लायकीचा नाही. पाश्चरीकरणाच्या 72 अंशांवर 15 सेकंदांत कॅल्शियम जात नाही, प्रथिनांचं पोषणमूल्य घटत नाही; क जीवनसत्त्व आणि काही ब जीवनसत्त्वं थोडी कमी होतात. पण क जीवनसत्त्वासाठी दूध पिणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही, त्यासाठी आवळा आहे. शिवाय ज्या घरात हा आक्षेप ऐकू येतो, तिथे तेच दूध सकाळ-संध्याकाळ साय धरेपर्यंत उकळलं जातं.

एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधल्या ग्रामीण मुलांचा मोठा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. गोठ्यातलं कच्चं दूध पिणाऱ्या मुलांमध्ये दमा कमी आढळला. निष्कर्ष खरा आहे आणि त्याचं कारण शोधणंही मोलाचं आहे. पण त्याच संशोधकांनी कच्च्या दुधाची शिफारस करायला नकार दिला, कारण त्यातले रोगजंतू त्यांना ठाऊक होते. अभ्यासाचा अर्धा भाग व्हॉट्सॲपवर फिरतो. उरलेला अर्धा फिरत नाही.

आता सर्वांत भक्कम आक्षेप: ‘आपण उकळतोच की!’ उकळणं ही आपल्या स्वयंपाकघरातली खरोखर शहाणी सवय आहे. त्यानं क्षयाचा, ब्रुसेलाचा, साल्मोनेलाचा जंतू मरतो. पण जंतू मेला म्हणजे त्यानं केलेली करणी पुसली गेली, असं नाही. मार्च 2000 च्या शेवटी जपानमध्ये होक्काइडो बेटावरच्या ‘स्नो ब्रँड’च्या भुकटी कारखान्यात तीनेक तास वीज गेली. यंत्रातलं दूध कोमट राहिलं आणि त्यात स्टॅफिलोकॉकस हा जंतू माजला. वीज आल्यावर दूध नेहमीसारखं तापवलं गेलं, जंतू मेले, भुकटी झाली. जूनअखेरीस ओसाकाच्या कारखान्यात ती भुकटी वापरलेलं दूध लोक प्याले आणि 13 हजारांहून जास्त माणसं उलट्या-जुलाबांनी आजारी पडली. त्या दुधात जिवंत जंतू जवळपास नव्हतेच. होतं ते त्यांनी मागे ठेवलेलं विष, आणि ते पाण्याच्या उत्कलनबिंदूला दाद देत नाही. सकाळी पाचला पिळलेलं दूध उन्हाच्या दिवसांत स्कूटरवरच्या किटल्यांतून दहाला दारात आलं, तर ते उकळून आपण जंतू मारतो, पण त्यात विष तयार झालं असेल तर ते पितोच.

मग भुकटी कारखान्याबाहेर पडण्याआधी तिचा नमुना तपासला की झालं, असं वाटेल. पण तयार मालाचा नमुना तपासून सुरक्षितता हाती लागत नाही. आपल्याकडे ‘नमुने घेतले’ ही बातमी झाली की सगळ्यांचं समाधान होतं, म्हणून थोडा हिशेब करू. मोठ्या साठ्यात दर शंभरात एक पिशवी दूषित आहे असं धरा. पाच पिशव्या तपासल्या तर एकही दूषित पिशवी न सापडण्याची शक्यता 95 टक्के. साठ तपासल्या तरी निम्म्याहून अधिक वेळा एकही सापडत नाही. अंतराळवीरांचं अन्न बनवताना ‘नासा’ आणि ‘पिल्सबरी’ या कंपनीपुढे 1960 च्या दशकात हाच पेच आला: खात्री होईल इतकं तपासायचं तर खायला फारसं उरतच नाही. त्यातून ‘हॅसेप’ ही पद्धत जन्मली. धोका कुठल्या पायरीवर शिरू शकतो ते आधी ओळखायचं, त्या पायरीला मर्यादा घालायची आणि ती पायरी सतत डोळ्यांखाली ठेवायची.

चांगल्या डेअरीतला पाश्चरायझर जवळून पाहिला की याचा अर्थ कळतो. तापलेलं दूध ज्या नळीत 15 सेकंद राहतं, तिच्या शेवटच्या टोकाला एक झडप असते. तापमान मर्यादेखाली घसरलं की झडप आपोआप फिरते आणि सगळं दूध परत सुरुवातीच्या टाकीत जातं. कुणाच्या सहीची वाट पाहत नाही. त्याआधी येणारं थंड कच्चं दूध आणि निघणारं गरम दूध पातळ स्टीलच्या पत्र्यांच्या दोन बाजूंनी वाहतात, म्हणजे उष्णता वाया जात नाही. पत्र्याला टाचणीएवढं भोक पडलं तर? म्हणून पाश्चरीकृत दुधाकडचा दाब मुद्दाम जास्त ठेवलेला असतो. गळती झालीच तर स्वच्छ दूध कच्च्यात जाईल, कच्चं स्वच्छात येणार नाही. बाहेर पडल्यावर फॉस्फेटेजची चाचणी होते. हे विकर क्षयाच्या जंतूपेक्षा किंचित चिवट, त्यामुळे ते संपलं असेल तर जंतूही संपला. याला मेलेलं दूध म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

पाश्चरीकरणाच्या भक्तांनीही फार हुरळून जाऊ नये. 1985 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका डेअरीच्या पाश्चरीकृत दुधातूनच साल्मोनेला पसरला. खात्री झालेले रुग्ण 16 हजारांवर होते. तापवल्यानंतर कुठेतरी कच्चं दूध त्यात मिसळल्याचा संशय होता. लिस्टेरिया तर फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. यंत्र असणं वेगळं, ते रोज नियमानं चालवणं वेगळं.

आपली भीती मात्र भलतीकडेच रोखलेली आहे. दूध म्हटलं की युरिया, डिटर्जंट, भेसळ. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या देशव्यापी पाहणीत 6,432 नमुन्यांपैकी भेसळीमुळे असुरक्षित ठरले ते 12. भेसळखोराला सोडा असं मी म्हणत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या अंदाजानुसार दूषित अन्नानं जगात वर्षाला 4 लाख 20 हजार माणसं मरतात, आणि त्यात फार मोठा वाटा जंतूंचा आहे.

हे जंतू वाढतात कुठे? कासेतून दूध 37 अंशांवर निघतं. त्या ऊबेत जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो असं धरलं, तर चार तासांत एकाचे 4,096 होतात. म्हणून खरी लढाई कारखान्याच्या आधी आहे: कास धुणं, भांडं कोरडं ठेवणं आणि दूध लवकरात लवकर 4 अंशांवर नेणं. हे काम शेतकऱ्याचं आहे, आणि तिथेच आपली व्यवस्था त्याला उघड्यावर सोडते. गावच्या संकलन केंद्रावर बहुतेक ठिकाणी दर ठरतो तो फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशावर आणि बाकीच्या घनपदार्थांवर. पहाटे उठून कास धुणाऱ्याला आणि कालच्याच किटलीत पिळणाऱ्याला फॅट सारखं लागलं तर पैसेही सारखेच. युरोपीय संघात कच्च्या दुधाला मिलिलिटरमागे एक लाख जिवाणूंची मर्यादा आहे, आणि ती ओलांडणाऱ्याला त्याची झळ बसते. दूध संघांच्या निवडणुकांत दरावरून एवढं रान उठतं. त्या दरपत्रकात जिवाणूसंख्येचा एक रकाना घाला, गावोगावी दूध थंड करणारे बल्क कूलर द्या आणि स्वच्छ दुधाला लिटरमागे रोख जास्त भाव द्या. बाटलीतल्या कच्च्या दुधासाठी जादा पैसे मोजणाऱ्या ग्राहकांनी ते पैसे यासाठी मोजायची तयारी दाखवावी.