कातडी बचावण्याची कला

मराठी भाषेने कातडीचे कौतुक फारसे कधी केलेले नाही. निर्लज्ज माणसाची कातडी गेंड्याची; जबाबदारीतून अंग काढून घेणारा तो कातडीबचाऊ; आणि कृतज्ञता अगदीच अनावर झाली, म्हणजे आपण आपल्या कातड्याचे जोडे करून उपकारकर्त्याच्या पायांत घालायला निघतो! पण ज्यांना आपली कातडी अक्षरशः बचावावी लागते, अशी माणसेही आपल्या घरांत असतात, आणि दिवाळीच्या सुमाराला त्यांचे हाल सुरू होतात. यंदाच्या दिवाळी अंकात त्यांच्यासाठी चार शब्द लिहावेत असे मनात आहे. इतरांनीही ते वाचावेत; कारण या दुखण्यात निम्मा ताप दुखण्याचा असतो, नि निम्मा भोवतालच्या मंडळींच्या सल्ल्याचा.

पावसाळा सरला, हवेतला ओलावा उतरला, की पुण्या-नाशकाकडे ओठ फुटू लागतात, टाचांना भेगा पडतात. कोकणातली माणसे कोकमाच्या बियांचे भिरंडेल पातळ करून टाचांत भरतात. कुणी खोबरेल चोळतात. बहुतेकांचे तेवढ्यावर भागते. काहींचे मात्र भागत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे, मानेवर चट्टे उठतात आणि रात्र रात्र खाज सुटते. याचे नाव इसब. खरूज निराळी, ती बारीक किड्यामुळे होते. गजकर्ण निराळे, ते बुरशीमुळे होते. आणि ही दोन्ही एकाची दुसऱ्याला लागतात. इसब कुणाचे कुणाला लागत नाही. मराठीच्या मास्तराने शब्दांबद्दल आग्रह धरायचाच. पण इथे तो नुसता शब्दापुरता नाही. वर्गात ज्या मुलीच्या बाकावर बसायला कुणी तयार नसते, तिचे सारे दुःख या तीन शब्दांच्या घोटाळ्यात असते.

त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे एक भिंत समजा. पेशी या तिच्या विटा आणि त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्ये हा चुना. इसबाच्या त्वचेत भिंतीचे बांधकामच कच्चे असते. आतले पाणी उडून जाते. बाहेरचे साबण, धूळ, जंतू आत शिरतात. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले, की या भिंतीला लागणारे फिलॅग्रिन नावाचे प्रथिन बनविणाऱ्या जनुकात दोष असला, म्हणजे इसब होण्याचा संभव पुष्कळच वाढतो. तेव्हा ‘बाळंतपणात काय खाल्लं होतंस?’ हा प्रश्न आपण आता आयांना विचारू नये हे बरे. ‘लहानपणी अंगाला नीट लावलं नसेल’ हा टोमणाही तसाच. ब्रिटनमध्ये १,३९४ नवजात बालकांवर केलेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निकाल २०२० साली प्रसिद्ध झाला. पहिले वर्षभर रोज मलम लावायला सांगितलेली मुले आणि न सांगितलेली मुले, दोघांतही दोन वर्षांच्या वयाला इसबाचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. मलम इसबाला होण्यापासून अडवीत नाही. झालेल्या इसबाला आवरते. हे काम लहान नाही.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला हे दुखणे आहे. पोर आठ वर्षांची. उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा फ्रॉक मागते. तिच्या घरी कपाटाचा एक कप्पा निरनिराळ्या बाटल्यांनी आणि डब्यांनी भरून गेला आहे. प्रत्येक बाटली कुणा ना कुणा हितचिंतकाने सुचविलेली. “दादा, तू एवढं वाचतोस,” बहीण मला म्हणाली, “यातलं सर्वांत चांगलं कुठलं, ते एकदाच सांगून टाक.”

याचे उत्तर २०२२ साली इंग्लंडातून आले आहे. सहा महिने ते बारा वर्षे वयाच्या ५५० मुलांना चार प्रकारांपैकी एकेक मलम दिले गेले : पातळ लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट ऑइंटमेंट. सोळा आठवड्यांनी पाहिले, तर गुणात फरक नाही! फरक होता तो आवडीत. कुणाला चिकटपणा सोसवत नव्हता, कुणाला तोच बरा वाटत होता. तेव्हा सर्वांत चांगले मलम कोणते? तर जे मूल रोज, न रडता, लावू देते ते. आमच्या भाचीने निवाडा केला, की शाळेत जाताना क्रीम आणि रात्री घट्ट जेली. दमट मुंबईत दिवसा पातळ क्रीम बरे वाटते. कोरड्या थंडीच्या गावी दाट मलमाची गरज अधिक, एवढेच तारतम्य ठेवावे.

मात्र निवड मुलाची असली, तरी यादी आईबापांनी करावी; आणि ती करताना डबीवर काय लिहिले आहे यापेक्षा डबीत काय नाही ते पाहावे. पहिली गोष्ट म्हणजे सुगंध नको. ‘नैसर्गिक’ गुलाब आणि ‘वनौषधीयुक्त’ चंदन हेही सुगंधच. ‘अनसेंटेड’ या शब्दावरही विसंबू नये. मूळचा वास झाकण्यासाठी त्यात कधी कधी दुसरे वासाचे द्रव्य घातलेले असते. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ असे लिहिलेले बघावे. सोडियम लॉरिल सल्फेट हे फेस आणणारे द्रव्य अंगावर राहणाऱ्या मलमात नको. युरिया कोरड्या, राठ त्वचेला फार उपयोगी, पण चिरलेल्या त्वचेला झोंबतो. ग्लिसरीन आणि सेरामाइड चालतात. आणि साधी पेट्रोलियम जेली? चेसब्रो नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८७२ साली तिचे पेटंट घेतले. आज दीडशे वर्षांनंतरही पाणी अडवून धरण्यात तिच्यापुढे जाणारे फार थोडे आहे. नवे काहीही आणले, तर आधी हाताच्या आतल्या बाजूला चिमूटभर लावून दोन-चार दिवस पाहावे.

तेलांविषयी गृहिणी हटकून विचारतात. मोहरीचे आणि ऑलिव्हचे तेल या त्वचेला नको. त्यांनी भिंत आणखी ढासळू शकते. आपले खोबरेल मात्र परीक्षेत उत्तीर्ण झाले आहे. फिलिपीन्समध्ये इसब असलेल्या ११७ मुलांवर केलेल्या तुलनेत, २०१४ साली, शुद्ध व्हर्जिन खोबरेल हे खनिज तेलापेक्षा सरस ठरले. अर्थात वास न घातलेले.

किमतीचा विचार शेवटी येतो. पण तो करावाच लागतो, कारण हे मलम लोणच्यासारखे नव्हे, भाजीसारखे वाढायचे असते. इंग्लंडमधील मार्गदर्शिका इसबाच्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम सांगतात. या हिशेबाने पन्नास ग्रॅमची देखणी ट्यूब दोन दिवसही पुरायची नाही. महागडी डबी पुरवून पुरवून वापरण्यापेक्षा स्वस्त डबा सढळ हाताने वापरलेला चांगला. अंघोळ कोमट पाण्याची आणि थोडक्यात. टॉवेल घासायचा नाही, टिपायचा. आणि अंग ओलसर आहे तोच मलम लावायचे. केसांच्या दिशेने हात फिरवावा. मोठ्या डब्यात बोटे न घालता स्वच्छ चमच्याने काढून घ्यावे.

नरकचतुर्दशीची पहाट ही तर या मुलांची कसोटीच. आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा यांचे उटणे निरोगी अंगाला कितीही सुखावणारे असो, फुटलेल्या त्वचेला ते खरखरते आणि झोंबते. गेल्या दिवाळीत भाची म्हणाली, “मामा, मी अंघोळच करणार नाही. आग आग होते.” बहिणीच्या सासूबाईंना उटण्यावाचून अभ्यंगस्नान पटेना, आणि नातीचे रडणेही त्यांना पाहवेना. शेवटी तोड त्यांनीच काढली. उटण्याचे बोट शास्त्रापुरते पाटाला लावले; नातीच्या अंगाला स्वतःच्या हाताने खोबरेल लावले; सुगंधी साबण दूर ठेवला, आणि दोन कोमट तांब्यांनी तिला न्हाऊ घातले. कारीट फोडायला पोर स्वतःच्या पायांनी, हसत आली. एवढ्याने कुठला धर्म बुडाला?

एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. लालभडक, पाणी धरलेला चट्टा नुसत्या ओलाव्याने बरा होत नाही. त्याला डॉक्टरांनी दिलेले औषधी मलम, पुष्कळदा स्टिरॉइडचे, लागते. ते सांगितले तितके दिवस, सांगितले तिथेच लावले, तर भिण्याचे कारण नाही. भ्यायचे ते दुकानातून परस्पर आणलेल्या, स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक यांची खिचडी केलेल्या ट्यूबला. तिने चार दिवस बरे वाटते, आणि पुढे कातडी पातळ होत जाते. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइडी मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली ती याचमुळे. चट्ट्यावर पिवळी खपली धरली, पू झाला, ताप आला, तर घरगुती उपाय थांबवून तडक दवाखाना गाठावा.

आणि दिवाळीपुरती एक विनंती. मलम मुरलेले कपडे, चादरी, पट्ट्या झटकन पेट घेतात. २०१८ साली ब्रिटनच्या औषध-नियंत्रकांनी तसा इशाराच दिला आहे. नुसत्या धुण्याने तो स्निग्धांश पुरता जातोच असेही नाही. फुलबाज्या लावताना अशा मुलाला न माखलेला, सुती, अंगाबरोबर बसणारा कपडा घालावा आणि पणत्यांच्या रांगेपासून हातभर लांब ठेवावे. लांब बाह्यांचा हट्ट त्या दिवशी पुरवू नये. चट्टे दिसले तर दिसू द्यावेत; पाहुण्यांपैकी कुणी विचारलेच, तर ‘इसब आहे, लागत नाही’ एवढे मोठ्याने सांगून त्यांच्या पुढ्यात चकलीची बशी सरकवावी.