जलसंजीवनीचे गणित मोडू नका

मुलाला जुलाब सुरू झाले की पालक औषधाच्या दुकानात धाव घेतात आणि अनेकदा जलसंजीवनीऐवजी फळांच्या चवीचे गोड पेय घेऊन परततात. मूल ते आवडीने पिते, पण जुलाब थांबण्याऐवजी वाढू शकतात. असे का होते, याचे उत्तर आतड्यातील पेशींच्या आवरणात आहे.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे दुहेरी पटल असते. मीठ किंवा साखर त्यातून सहजी आत शिरू शकत नाही. त्यासाठी पटलात प्रथिनांचे दरवाजे असतात. लहान आतड्यातील अशा एका दरवाजाची अट मजेशीर आहे: सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक कण असे एकत्र आले, तरच तो त्यांना आत घेतो. पेशीच्या दुसऱ्या बाजूचा पंप ते सोडियम रक्ताच्या दिशेने बाहेर टाकत राहतो आणि त्यामागोमाग पाणीही शरीरात ओढले जाते. सोडियम आणि ग्लुकोजची ही जोडवाहतूक रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली.

पटकीचे विष आतड्यातील दुसरा दरवाजा सताड उघडते. त्यातून क्लोराइड आणि पाठोपाठ पाणी आतड्यात वाहू लागते. रुग्ण काही तासांत कोरडा पडतो. मात्र साखर-मिठाचा जोडदरवाजा या विषाच्या तडाख्यातून शाबूत राहतो. जलसंजीवनी नेमकी तेथूनच पाणी आत पोहोचवते.

याची मोठी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेश मुक्तियुद्धात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे आलेल्या निर्वासितांमध्ये पटकी पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात कालवून रुग्णांना तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. ते पाजण्याचे काम नातेवाइकांनीही केले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ४ टक्क्यांच्या खाली आले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ मध्ये या जोडवाहतुकीच्या शोधाला शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधाच्या पंक्तीत बसवले. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

या औषधाचे सारे बळ प्रमाणात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. साखर याहून फार वाढली, तर गणित उलटते. कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावले की पाणी सुटते, तसेच आतड्यात उरलेली जादा साखर शरीरातील पाणी बाहेर ओढते. त्यातच अशा पेयात सोडियम कमी असेल, तर जोडदरवाजाही पुरेसा चालत नाही.

म्हणूनच भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास मनाई केली. हा निर्णय योग्यच आहे, पण तो कागदावर राहून भागणार नाही. अशी पेये औषधांच्या फळीवर जलसंजीवनीशेजारी मांडली जात असतील, तर घाबरलेल्या पालकाची फसगत होतच राहील. दुकानांची तपासणी व्हायला हवी आणि दुकानदारांनीही ही जबाबदारी मानायला हवी.

घरच्यांनी करायचे ते सोपे आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र छापलेलेच पाकीट मागावे. आशा कार्यकर्तीकडे आणि सरकारी आरोग्य केंद्रात ते मोफत मिळते. पाकिटावर लिहिलेल्या तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ते संपूर्ण मिसळावे, अर्धे-मुर्धे नव्हे. वरून साखर घालू नये. द्रावण चमच्याचमच्याने पाजावे, २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे खाणे सुरू ठेवावे. पाकीट नसेलच, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंकही द्यावे. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल झाले किंवा शौचातून रक्त पडले, तर घरी न थांबता दवाखाना गाठावा.

स्वस्तातले हे पाकीट मुलाचा जीव वाचवू शकते. मात्र त्यातले प्रमाण बिघडता कामा नये.