चुलीवरचं जेवण आणि चुलीपुढची बाई

भिवंडीहून नाशिक हायवेला लागलं की ढाब्यांवर पाट्या दिसतात, ‘चुलीवरचं जेवण’. धुराच्या वासाला लोक चव म्हणतात. मला हे कौतुक मुळीच पटत नाही.

मास्तरणीची सवय, म्हणून समजावून सांगते. धूर म्हणजे न जळता निसटलेलं सरपण! लाकूड तापलं की आधी पाणी उडतं, मग वायू सुटतात आणि ते पेटले की ज्वाळा दिसते. ओल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. आच ते उडवण्यातच जाते, वायू अर्धवट जळतात. त्यात चूल राखेनं तुंबलेली, तोंडाशी लाकडं कोंबलेली. वारा शिरणार कुठून?

सरपण बारीक फोडून पावसाळ्याआधी वाळवा, राख रोज काढा, वर धुराडं बांधा. सुधारित चुलींची सरकारी योजना १९८०च्या दशकातली. २०१६ मध्ये उज्ज्वला आली, तरी सिलिंडर भरणं परवडत नाही तिथे चूल पेटतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० साली घरातल्या अशा धुराने जगभर सुमारे ३२ लाख माणसं गेली.

तेव्हा बोटं चाटण्याआधी जरा आत डोकावा. चुलीपुढे बसलेल्या बाईचे डोळे बघा, आणि मग सांगा चव कशी आहे ते.